पन्हाळ्याच्या बेसाल्टचा डेटा रिपॉझिटरीत कसा जमा करावा?

नमस्कार. तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा घेतला आहे: तुम्ही कोल्हापुरात पीएच.डी. करीत आहात, पन्हाळा आणि मसाई पठाराच्या कड्यांवरून आणलेल्या बेसाल्टच्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या) नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण पूर्ण झाले आहे, आणि डेटा मान्यताप्राप्त रिपॉझिटरीत (संशोधनाचा डेटा जपणाऱ्या ऑनलाइन संग्रहात) ठेवून त्याचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) कळवा, असे नियतकालिकाने लिहिले आहे. तो कोठे व कसा ठेवावा, आणि निबंध छापून येण्याआधीच कोणी तो वापरून टाकील का, असे तुम्ही विचारले आहे. मी दख्खनच्या बेसाल्टवर काम केले आहे आणि असे डेटासंच स्वतः जमा केले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

खडकांच्या रासायनिक विश्लेषणासाठी मी तुम्हाला अर्थकेम लायब्ररी सुचवीन. ती कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतून चालवली जाते. जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि ब्रेमेन विद्यापीठ मिळून चालवतात ती पँजिया, आणि पॉट्सडॅमची जीएफझेड डेटा सर्व्हिसेस, याही याच विषयातील आहेत. पुराचुंबकीय (खडकात टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकत्वाची) मोजमापे असतील तर त्यांच्यासाठी मॅजिक हा वेगळा संग्रह आहे. सर्नने 2013 मध्ये सुरू केलेले झेनोडो विनामूल्य आहे आणि तेथे डीओआय काही मिनिटांत मिळतो, पण तेथे तुमचा तक्ता विषयातला जाणकार उघडून तपासत नाही. विषयाच्या रिपॉझिटरीत क्युरेटर, म्हणजे आलेला डेटा तपासणारे जाणकार असतात, ते शंका काढतात, उत्तरे मागतात, आणि त्यात दिवस जातात. माझ्या मते हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात, म्हणून नियतकालिकाची मुदत जवळ आली या एकाच कारणासाठी सोपा मार्ग धरू नका. संपादकांना तसे कळवले तर ते सहसा थांबतात.

माझ्या पहिल्या डेटासंचाच्या वेळी क्युरेटरने एकच ओळ लिहून विचारले होते की, निबंधात पन्हाळा म्हटलेले सहा नमुने नकाशावर तेथून बरेच दक्षिणेला का दिसतात. मी फील्ड डायरी काढून पाहिली. डायरीत 16 अंश 48 मिनिटे असे लिहिलेले होते आणि तक्त्यात भरताना ते 16.48 झाले होते. 48 मिनिटे म्हणजे 0.80 अंश, तेव्हा खरा आकडा 16.80 हवा होता. या एका टिंबाने माझा पन्हाळ्याचा कडा सुमारे 35 किलोमीटर दक्षिणेला, राधानगरीच्या बाजूला जाऊन पडला होता. निबंध दोन परीक्षकांच्या हातून गेला होता आणि दोघांच्याही हे लक्षात आले नव्हते, कारण निबंधात नकाशा चित्ररूपात होता आणि चित्र बरोबर होते.

अक्षांश-रेखांशांइतकीच काळजी उंचीची घ्या. आपल्याकडे लाव्हाप्रवाह जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे नमुना कोणत्या प्रवाहातला हे बऱ्याच अंशी त्याच्या उंचीवरून ठरते. मोबाइलमधील काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची देतात, आणि आपल्या भागात या दोहोंत 50 मीटरांहून अधिक अंतर पडते. तेवढ्याने नमुना सहज खालच्या प्रवाहात जातो. जुन्या टोपोशीटवरून स्थाने घेतली असतील तर ती एव्हरेस्ट या जुन्या लंबगोलावरची आहेत, जीपीएसची डब्ल्यूजीएस 84 या जागतिक लंबगोलावरची. एका रकान्यात ती मिसळू नका आणि कोणती पद्धत वापरली ते तक्त्यातच लिहा. पन्हाळा फॉर्मेशन हे लाव्हाप्रवाहांच्या एका गटाचे नाव जगभरच्या दख्खन-अभ्यासकांच्या तोंडी आहे, महाबळेश्वर फॉर्मेशनच्या वर आणि देसूरच्या खाली त्याची जागा ठरलेली आहे, आणि ही विभागणी मुख्यतः रासायनिक फरकांवर केलेली आहे. या नावाच्या मूळ स्थळावरून आलेला नमुना नेमका कोठून घेतला, हे जगात कोठेही बसलेल्या माणसाला निःशंकपणे कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता आकड्यांकडे येऊ. लोह कोणत्या रूपात दिले आहे ते रकान्याच्या शीर्षकात स्पष्ट हवे, कारण एकूण लोह फेरिक ऑक्साइड म्हणून 13.5 टक्के असेल तर तेच फेरस ऑक्साइड म्हणून 12.15 टक्के होते, आणि नुसते ‘लोह ऑक्साइड’ लिहिले तर वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. उपकरणाच्या मोजमर्यादेखाली गेलेल्या मूल्याच्या जागी शून्य लिहू नका. ‘2 पेक्षा कमी’ असे मर्यादेसह लिहा, आणि जे मोजलेच नाही ती चौकट रिकामी ठेवा. शून्य, मर्यादेखाली आणि न मोजलेले या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरीज 100 टक्क्यांवर आणून आकडे दिले असतील तर तसे सांगा आणि मूळ बेरीज व नमुना तापवल्यावर वजनात होणारी घटही द्या. आपल्याकडे जांभ्याखालचा बेसाल्ट पुष्कळदा कुजलेला असतो, आणि त्या घटीवरूनच वाचणारा नमुन्याचा ताजेपणा जोखतो.

नमुन्यांबरोबर प्रयोगशाळेने संदर्भ खडक, म्हणजे ज्याचे घटक आधीच नेमके ठाऊक आहेत असा खडक, मोजलेला असतोच. बहुधा तो हवाईच्या बेसाल्टपासून केलेला बीएचव्हीओ-2 असेल. प्रयोगशाळेकडून त्याचे त्याच दिवशी मिळालेले आकडे मागून घ्या आणि वेगळ्या पानावर द्या. त्याचे मॅग्नेशियम ऑक्साइड 7.23 टक्के आणि टायटॅनियम डायऑक्साइड 2.73 टक्के हे मान्य आकडे आहेत. तुमच्या उपकरणाने ते किती जवळ दिले यावरून तुमच्या सर्व आकड्यांवर किती भरवसा ठेवावा हे परक्याला कळते. हे पान पुष्कळजण गाळतात, आणि त्याचे मला वाईट वाटते.

नमुन्यांची नावे ‘3-2’ अशी, म्हणजे तिसऱ्या प्रवाहाचा दुसरा नमुना, या पद्धतीने दिली असतील तर एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकते. रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवा, किंवा अक्षरे आधी घालून नावे बदला आणि जुन्या-नव्या नावांची जोडी जपून ठेवा. शक्य असेल तर प्रत्येक नमुन्यासाठी आयजीएसएन हा जागतिक नमुना क्रमांक घ्या. पुढे कोणी त्याच दगडावर वयनिश्चिती केली तर दोन्ही निष्कर्ष त्या क्रमांकाखाली एकत्र येतील.

‘मागणी केल्यास लेखकाकडून डेटा मिळेल’ हे वाक्य निबंधात घालून मोकळे व्हावे, असा सल्ला तुम्हाला मिळेल; तो मानू नका. तुलनेसाठी मी एकदा एका जुन्या प्रबंधातील मूळ आकडे मागितले होते. प्रबंधात बारा नमुन्यांची फक्त सरासरी छापलेली होती. लेखकाने सौजन्याने शोधाशोध केली, पण संगणक बदलला होता, आणि विभागातले कपाट रिकामे करताना दगडही टाकून दिले गेले होते. आम्ही तो घाट पुन्हा चढलो. रस्ता रुंद करताना त्यातले दोन कडे तोडले गेले होते, त्यामुळे त्या दोन ठिकाणचे नमुने आता कोणालाच मिळणार नाहीत.

चोरीच्या भीतीबद्दल: निबंध प्रसिद्ध होईपर्यंत डेटा बंद ठेवण्याची सोय बहुतेक रिपॉझिटरीत असते, डीओआय राखून ठेवला जातो आणि परीक्षकांसाठी खाजगी दुवा मिळू शकतो. खुला झाल्यावर त्यावर तुमचे नाव, ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक आणि तारीख असते, तेव्हा अग्रक्रमाचा तोच पुरावा ठरतो. परवाना म्हणून सीसी बाय 4.0 निवडा, त्यानुसार वापरणाऱ्याला तुमचा उल्लेख करावाच लागतो. मात्र सादर करण्याआधी मार्गदर्शकांची, सहलेखकांची आणि अनुदान देणाऱ्या संस्थेची लेखी संमती घ्या, कारण डीओआय सक्रिय झाल्यावर नोंद पुसता येत नाही, फक्त नवी आवृत्ती जोडता येते.

ग्रहविज्ञानातही हीच शिस्त आहे. चांद्रयान-2 चा डेटा इस्रोने पीडीएस 4 या आंतरराष्ट्रीय मांडणीत, बंगळूरजवळच्या ब्यालाळू येथील केंद्रामार्फत खुला केला, म्हणून कोल्हापुरातला विद्यार्थी मोहिमेतल्या कोणालाही न विचारता चंद्राची छायाचित्रे उतरवून घेऊन काम करू शकतो.

तक्ता तयार झाला की तो तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला द्या आणि तुम्ही गप्प बसून त्याला एका नमुन्याची जागा, प्रवाह आणि टायटॅनियमचे प्रमाण शोधायला सांगा. तो जेथे अडेल तेथे मेटाडेटात, म्हणजे डेटाविषयीच्या माहितीत, एक ओळ वाढवा. डीओआय आल्यावर तो निबंधाच्या डेटा-निवेदनात घालाच, शिवाय संदर्भसूचीतही घाला; नुसत्या निवेदनातला उल्लेख उद्धरणांच्या गणनेत पुष्कळदा येत नाही. उरलेली पूड आणि दगडाचे तुकडे त्याच क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावून विभागात ठेवा, आणि ते कोणत्या कपाटात आहेत तेही त्या नोंदीत लिहा.