ताटावर बसलं की भिकारी झाल्यासारखं वाटतं

प्रश्न : मी २४ वर्षांचा. कुर्ल्याला रुळांलगतच्या वस्तीत वाढलो. नऊ वर्षांचा असताना रुमालावर पंक्चरचं सोल्युशन घेऊन हुंगायला लागलो, पुढे बटणं (नशेच्या गोळ्या), मग गर्द. सध्या क्लीन आहे. पालिकेच्या रुग्णालयातून जिभेखाली ठेवायची गोळी मिळते. आत्याकडे राहतो, आतेभाऊ माझा पगार सांभाळतो, मंडळाच्या दादांनी दादरच्या फूलबाजारात कामाला लावलं. सगळे चांगलेच वागतात, तरी ताटावर बसलं की भिकारी झाल्यासारखं वाटतं. बदलापूरला खोली घेऊन, गोळीही सोडून, स्वतःच्या जोरावर राहू का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : खोली पुढे जरूर घे, आत्ता नको. आणि गोळी स्वतःच्या मनाने अजिबात सोडू नकोस.

गोळीचं आधी, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. ही गोळी बहुधा बुप्रेनॉर्फिनची. मेंदूत गर्द जिथे काम करतो तीच जागा ती धरून ठेवते, म्हणून टर्की, म्हणजे गर्द न मिळाल्यावरचा त्रास, होत नाही. एकदम बंद केलीस तर तलफ उसळेल. शिवाय गर्द सुटल्यावर शरीराची सवय मोडते. पूर्वी पचायचा तेवढाच डोस घेतला, तरी श्वास बंद पडू शकतो. बदलापूरच्या खोलीत तेव्हा दार ठोठावायला कोण येणार? कमी करायची असेल तर डॉक्टरांशी बोल, ते बेताबेताने उतरवतील.

आता भिकाऱ्याचं. मी रुग्णालयात समाजसेविका होते, तेव्हा प्लॅटफॉर्मवरची पोरं यायची. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यात हुंगण्याची नशा मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघाली. मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त, असं त्या पाहणीत फक्त याच नशेत दिसलं. सोल्युशनची स्वस्तातली ट्यूब भूक मारते आणि ‘कुठे होतास’ असं विचारत नाही. त्या वयात माणसांपेक्षा तिचा भरवसा वाटला, तर आज आत्याची पोळी घशात अडकणारच. हा जेमतेम वाढू लागलेला विश्वास आहे, लाचारी नव्हे. (‘स्वतःच्या जोरावर’ हे मला मंडळाच्या बॅनरवरचं वाक्य वाटतं. मुंबईत असं कोण राहतं?)

पगाराचं मात्र तुझं थोडं बरोबर आहे. तुला विचारून ठरवलं होतं का? नसेल तर आतेभावाला रविवारी घेऊन बस. आठवड्याला हातखर्च किती, पासबुक कधी दाखवायचं, दिवाळीनंतर काय, हे वहीत लिहा. तू ठरवून ठेवायला दिलेत म्हणजे ते तुझेच पैसे. घरखर्चाचे आत्याला दे. ती नको म्हणेल, तरी डब्याखाली ठेव.

आणि घराबाहेरचीही माणसं हवीत. मुंबईत नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या नशा सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगा होतात. फी नाही, नशा सोडायची इच्छा एवढीच अट. तिथे आज मदत घेणारा उद्या दुसऱ्यासाठी खुर्च्या मांडतो, चहा करतो. तुझ्यासारख्याला हे मानवेल. पत्ता मिळेना तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचार. पहिल्या दिवशी आतेभावाला दारापर्यंत ने. आत गेल्यावर बोलायची सक्ती नसते, नुसतं बसलास तरी चालतं.