कार्पेटचा कुबट वास आणि सोफ्यावरचा हळदीचा डाग : शॅम्पूवाल्याला आत्ता बोलवू नका

तुम्ही विचारलंय की कांदिवलीच्या घरात कार्पेटला जुलैपासून कुबट वास येतोय, त्यात सोफ्यावर आमटी सांडली, तर शॅम्पूवाल्याला, म्हणजे घरी येऊन मशिनने सोफा-कार्पेट धुणाऱ्याला, बोलवू का. आत्ता अजिबात नको, ऑक्टोबर हीट सुरू झाली की बोलवा. ते मशिनने पाणी ओढून घेतात खरं, पण फोममध्ये मुरलेलं थोडं राहतंच, आणि हवेतच 80 टक्क्यांच्या वर दमटपणा असताना ते वाळणार कसं? वरून सोफा कोरडा लागतो आणि आत बुरशी धरते. मुंबईत धुळीपेक्षा हे आत राहिलेलं पाणीच जास्त वाट लावतं.

आधी कार्पेट उलटून बघा. पुढचं डिझाईन मागेही तसंच स्पष्ट दिसत असेल आणि झालर विणीतूनच निघालेली असेल तर ते हाताने गाठी मारून विणलेलं आहे, उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडून येतात तसं. मागे जाड कापड चिकटवलेलं असेल तर ते टफ्टेड, म्हणजे आत लेटेक्सचा गोंद असतो. हे टफ्टेड भिजलं की लवकर वाळत नाही, गोंदालाच वास धरतो, आणि जुनं झालं की त्याची पावडर गळायला लागते. जमिनीवर दिसली की लोक धूळ समजून झाडत बसतात, पण ती या गोंदाची असते. अशा कार्पेटवर बादलीभर पाणी कधीच ओतू नका.

सध्या वासासाठी एवढंच करा, कार्पेट उचलून दोन खुर्च्यांवर टाका, खाली फरशी कोरडी पुसा, पंखा फुल आणि एसी असेल तर ड्राय मोडवर. पांढरी बुरशी दिसली तर बाल्कनीत नेऊन ब्रश मारा, हॉलमध्ये झटकलीत तर ती घरभर उडेल. सोफाही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, विशेषतः बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर, कारण तिथली ओल मागच्या कापडात उतरते.

आता हळद. डाग पडला की आपला हात आधी साबणाकडे जातो आणि तिथेच घोटाळा होतो, साबण आणि खायचा सोडा अल्कली, त्यामुळे हळद लालभडक होते (शर्टावर बघितलंच असेल). चमच्याने वरचं उचला, पांढऱ्या सुती फडक्याने टिपत राहा, घासू नका, घासलं की रंग आत जातो आणि कापडावर धाग्यांचे गोळे येतात. मग गार पाण्यात ईझीसारखं सौम्य लिक्विड, दोन-तीन थेंबच, फडकं पिळून पुन्हा टिपा. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो, म्हणून कव्हर निघत असेल तर ऊन पडेल त्या दिवशी फक्त डाग वर ठेवून तासभर टाका, जास्त वेळ नको, कापडाचा मूळ रंगही उडेल.

पण पाणी लावायच्या आधी गादीखालचं लेबल वाचा. डब्ल्यू म्हणजे पाणी चालतं, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट (ड्राय क्लीनचं बिनपाण्याचं द्रावण), एक्स असेल तर नुसता व्हॅक्यूम. लेबल नसेल तर मागच्या कोपऱ्यात न दिसेल अशा जागी थेंबभर लावून बघा, रंग सुटला तर थांबा. आणि लोकरीच्या कार्पेटला ब्लीच किंवा एन्झाइमवाली पावडर नको, लोकर प्रोटीनची असते, ती पावडर तिलाच खाते.

पुढच्या मे महिन्यात कार्पेट दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करून, ऊन दाखवून, गुंडाळून माळ्यावर टाका. घडी नको आणि प्लास्टिकही नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा. पावसाळ्यात खाली सतरंजी घाला, ती घरीच धुता येते आणि पंख्याखाली वाळते, माझ्या मते आपल्याकडे तीच सगळ्यात शहाणी खरेदी आहे.

सोफा कधी बदलायचा झाला तर पीयू लेदरेट घेऊ नका, दमट हवेत त्याचा थर आतून तुटतो आणि काही वर्षांत पापुद्रे निघतात, कितीही पुसा. कार्पेटच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, मग ऑक्टोबरमध्ये धुवायचं की नुसतं ड्राय क्लीन ते सांगते.