जुन्या मारुती ८०० ची टकटक: इंजिन खोलण्याआधी एवढं पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. १९९९ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००, वडिलांच्या हातची. डिसेंबरात सकाळी सुरू केली की टकटक, पंधरा-वीस मिनिटांनी ती कमी होते, आणि दुपारी नागपुरात वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना पुन्हा कडकड. मिस्त्री म्हणून राहिला की हाफ इंजिन (इंजिन खोलून अर्धी दुरुस्ती) करावं लागते. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून रेडिएटरचं काम केलं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तर सगळ्यात कामाची ओळ तीच वाटली. तिच्याकडे येतोच.

पहिलं म्हणजे हे दोन आवाज आहेत, एक नाही. थंड इंजिनात येऊन तापल्यावर जाणारा आवाज आणि तापलेल्या इंजिनावर जोर पडला की येणारा आवाज, यांना एकच बिघाड कारण असणं कठीण. बॉनेट उघडून कान लावला की तीन सिलिंडरच्या त्या एवढ्याशा इंजिनात सगळंच एका जागेहून आल्यासारखं वाटतं. म्हणून आवाज कुठून येतो हे नंतर पाहा, कधी येतो ते आधी लिहून काढा: थंड की गरम, उभ्या गाडीत की चढावर, रेस देताना की सोडताना.

त्याआधी डिपस्टिक. सकाळी, सपाट जागी, गाडी सुरू करण्यापूर्वी. तेल कमी असेल तर बाकी तपासणीला अर्थ नाही. आणि गरम इंजिन स्लोवर असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणत असेल तर गाडी चालवणं तिथंच थांबवा.

आता सकाळची टकटक. माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या, पॅकिंगवर आहे. इतक्या वर्षांत पॅकिंग जळतं किंवा एखादा स्टड ढिला पडतो, तुटतो. थंड असताना त्या फटीतून धूर फटफट बाहेर येतो आणि ऐकायला हुबेहूब टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या आवाजासारखा) वाटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज गायब. मॅनिफोल्ड जिथं हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) बसतो तिथं काजळीचा काळा पट्टा दिसतो का पाहा. दुसऱ्या कोणाला सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरायला सांगा. फट असेल तर समोरची फटफट लगेच वाढते. हे मोकळ्या जागी करा, बंद गॅरेजमध्ये नको. आणि थंडीचा दुपट्टा गळ्यात असेल तर तो आधी काढून ठेवा. या गाडीचा रेडिएटर पंखा विजेवर चालतो, तापलेल्या इंजिनात तो केव्हा फिरायला लागेल सांगता येत नाही, आणि बाजूला बेल्ट आहेच.

पॅकिंग ठीक निघालं तर टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट ही क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या गतीनं फिरते, म्हणून ढिला टॅपेट इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा वाजतो. आवाज बारीक, कोरडा, वरून झाकणाखालून येणारा. लांब पेचकसाचं टोक झाकणाच्या नटावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की तो साफ ऐकू येतो. या इंजिनात स्क्रू आणि नट फिरवून गॅप लावता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण फीलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. पुष्कळ मिस्त्री हातानं हलवून अंदाजे कसतात, आवाज बंद झाला की गिऱ्हाईक खूश. ते मला बिलकुल पटत नाही. टॅपेट जास्त कसला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट नाही.

तिसरी शक्यता पिस्टन स्लॅप. झिजलेल्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) थंड पिस्टन डुलतो, आवाज जरा बोदा असतो. गाडी बंद करून एका प्लगची वायर काढा, ती बॉडीला अर्थ करा आणि मग सुरू करा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज एकदम उतरतो, तो दोषी. चालू इंजिनात वायर ओढू नका, झटका जोरदार बसतो. गरम झाल्यावर आवाज जात असेल आणि गाडी तेल पीत नसेल तर स्लॅपसाठी मी तरी इंजिन उघडणार नाही.

आता पुलावरची कडकड. हे मला सरळ नॉकिंग वाटतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर जा. चौथ्यात गाडी दबली आणि आवाज सुरू झाला की पाय जरा सैल करा, नाहीतर तिसरा टाका. तिथल्या तिथं आवाज थांबला तर नॉकिंगच. हवा-पेट्रोलचं मिश्रण स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटतं, त्याचा तो आवाज. मग टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) तपासून घ्या, टायमिंग पुढे गेलेलं असेल, म्हणजे स्पार्क वेळेआधी पडत असेल. पेट्रोलमधल्या इथेनॉलवर मात्र याचं बिल फाडू नका. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळायची ताकद, वाढतो, कमी होत नाही. त्याचा त्रास जुन्या रबरी पाइपांना होतो, ते वेगळं तपासा.

आणि आता ती रेडिएटरची ओळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि गाडी तापायला लागली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची एक वाईट सवय आहे. उन्हाळा निघतो, पण थर्मोस्टॅट परत कोणी बसवत नाही. मग थंडीत इंजिन तापायलाच तयार नसतं, चोक लांबतो, पेट्रोल जास्त जळतं आणि सिलिंडरमध्ये कार्बन साचतो. कार्बन साचला की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं, त्यावर गरम ठिपके राहतात, आणि नॉकिंग सुरू होतं. तुमची टकटक जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हे मला त्याचमुळे खटकलं. धड थर्मोस्टॅट असलेलं इतकं छोटं इंजिन त्याच्या कितीतरी आधी तापतं. तपासणी सोपी आहे. सकाळी गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट काढलाय किंवा उघडा अडकलाय. नवीन टाका. त्यानं गाडी पुन्हा तापायला लागली तर दोष रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंपात आहे, तो तिथंच दुरुस्त करा.

खरंच भ्यावं असा आवाज एकच, बिग एंड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा. तो जड असतो, खालून येतो, ठक ठक, आणि रेस सोडताना जास्त कळतो. तापल्यावर तो वाढतो, कारण तेल पातळ होतं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही.

एवढं करूनही मिस्त्री हाफ इंजिनवर अडून बसला तर त्याला आधी कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि पुस्तकातल्या मर्यादेत आले तर हेड उतरवायचं कारण नाही. एखादा कमी आला तर त्याच्या प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. आणि त्याच्याकडे गेजच नसेल, तर बाप्पा, त्यानं हाफ इंजिन ठरवलं कशावरून?