कॉलेज टेनिसचा असिस्टंट कोच : यात करिअर आहे का?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा. अमेरिकेत डिव्हिजन टू, म्हणजे कॉलेज खेळांच्या दुसऱ्या पातळीवरच्या, कॉलेजकडून टेनिस खेळत बीबीए करतोय, मे महिन्यात संपेल. आमच्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातल्या, एका कॉलेजचे कोच म्हणतायत ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून ये, मास्टर्सची फी माफ आणि थोडा स्टायपेंड. बाबा म्हणतात बॉल गोळा करण्यात दोन वर्षं घालवू नकोस, सरळ नोकरी बघ. काय करू?

उत्तर : बॉल गोळा करावे लागणारच रे, त्यात बाबांचं काही चुकलेलं नाही. शिवाय व्हॅन चालवायची, हॉटेलची बुकिंगं, आणि रात्री अकराला कुणाच्या तरी रॅकेटची स्ट्रिंग तुटली की ती बसवायच्या मशीनपाशी तूच. पण मॅचच्या दिवशी खरी मजा असते. बाकी वाचकांसाठी सांगते, तिकडे डबल्सचा मिळून एक पॉइंट आणि सहा सिंगल्सचे सहा, जो आधी चार करेल तो जिंकला. हेड कोच बहुतेकदा वरच्या कोर्टांवर असतो, तुझ्या वाट्याला पाच-सहा नंबरची कोर्टं, आणि स्कोअर तीन-तीन झाला की सगळं कॉलेज तुझ्याच कोर्टाभोवती जमतं. त्यात ड्यूस, म्हणजे 40-40, झाला की एकच पॉइंट, अॅडव्हांटेज नाहीच. दोन पॉइंटच्या मधे पोराला तू काय सांगतोस यावर गेम जातो किंवा येतो.

तरी तुझं पुढचं प्रमोशन त्यावर ठरणार नाही, ते ठरणार रिक्रूटिंगवर. यूटीआर, म्हणजे खेळाडूचं रेटिंग, बघून प्लेअर हेरायचे, व्हिडिओ बघायचे, ब्राझील नाहीतर सर्बियातल्या आईबापांशी त्यांच्या वेळेला कॉलवर बोलायचं, ट्रान्स्क्रिप्ट, व्हिसा, नियमांची कागदपत्रं. भारतातून तर आता ओळखीचा रस्ताच झालाय, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला, ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला. पुण्या-मुंबईच्या अकॅडम्यांमध्ये ओळखी असलेला असिस्टंट कुठल्याही हेड कोचला हवाच असतो, हे तुझं भांडवल आहे, ते फुकट देऊ नकोस.

पुढची शिडी म्हणजे असिस्टंट, मग असोसिएट हेड कोच, मग हेड कोच, पण ती सरळ नसते. जॉर्जिया युनिव्हर्सिटीचे मॅन्युएल डियाझ तिथेच खेळले, तिथेच असिस्टंट झाले आणि 1988 पासून 2024 पर्यंत हेड कोच राहिले, म्हणजे वरची खुर्ची किती उशिरा रिकामी होते बघ. उलट 2020 मध्ये आयोवा आणि मिनेसोटासारख्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी पुरुषांच्या टेनिस टीमच बंद करायचं ठरवलं. म्हणून फक्त डिव्हिजन वनचा टी-शर्ट हवा म्हणून अडून बसू नकोस, आणि मुलींच्या टीमचं काम आलं तर नाक मुरडू नकोस.

व्हिसाचं मात्र आत्ताच बघ. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि "थोडं जास्त थांब ना" म्हणणारे कोच भेटतातच, तिथे स्पष्ट नाही म्हणायचं कारण अडकणार तू, तो नाही. मास्टर्सनंतर बारा महिने ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, मिळते, पण काम डिग्रीशी संबंधित लागतं, त्यामुळे स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतलंस तर बरं. युनिव्हर्सिटीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत जावं लागत नाही ही चांगली गोष्ट, पण कोचच्या पदाला ठरावीक विषयाचीच डिग्री लागते हे पटवून द्यावं लागतं आणि तिथे बऱ्याच जणांचं घोडं अडतं. इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचार, सीनियर मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

मी म्हणेन घे, पण आधी त्या कोचला दोन गोष्टी विचार. रिक्रूटिंगचे कॉल मला करू देणार का, आणि तुमचे आधीचे असिस्टंट आज कुठे आहेत. दुसऱ्या प्रश्नावर तो गडबडला तर दुसरं कॉलेज शोध. आणि बाबांना दोन वर्षांच्या मास्टर्सच्या फीचा आकडा रुपयात करून पाठव, मग बोलू दे त्यांना.