शटरची किल्ली, गल्ल्याची किल्ली

"ताई, मी ४३ वर्षांची आहे. मेन रोडजवळच्या एका साड्यांच्या दुकानात चौदा वर्षं सेल्सवर आहे. आता सहन होत नाही. शेठ गिऱ्हाइकांसमोर ओरडतात. गिऱ्हाईकं चाळीस-चाळीस साड्यांच्या घड्या मोडायला लावतात आणि 'फिरून येतो' म्हणून निघून जातात. मागच्या महिन्यात एक बाई पैठणी 'घरी दाखवून आणते' म्हणून घेऊन गेल्या आणि लग्नात नेसून चौथ्या दिवशी परत घेऊन आल्या. पदराला डाग. शेठनी माझ्या पगारातून २,३०० रुपये कापले. वर आता त्यांच्या भाच्याला मॅनेजर म्हणून आणून बसवलंय. त्याला नारळी काठ आणि मुनिया काठ यांतला फरक कळत नाही, पगार २६,०००. मला १५,५००. सुट्टी मागितली की शेठचं तोंड वाकडं. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे तशीही दांडी मारता येत नाही. सासऱ्यांच्या दहाव्याला रामकुंडावरून मधेच जाऊन शटर उघडून आले होते. एवढं करून किंमत शून्य. नोकरी सोडू, की भाच्याशी एकदा स्पष्ट बोलू?
– एक त्रासलेली भगिनी, सिडको, नाशिक"

बाई,

पत्र तीनदा वाचलं. शेठ, गिऱ्हाईकं, भाचा, सगळ्यांना तुम्ही भरपूर जागा दिलीत. किल्लीला दिलंत एक वाक्य, तेही जाता जाता. मला ते एकच वाक्य आलं असतं तरी चाललं असतं.

ही किल्ली तुम्ही कुठे ठेवता? पैज लावते, पर्समध्ये सुट्या पैशांत नाही. आतल्या चेनच्या कप्प्यात, बहुतेक देवीच्या फोटोशेजारी. शालिमारला बसमधून उतरताना एकदा हात लावून बघता. आणि साडेनऊला दोन-तीन मुली पायरीवर मोबाइल बघत उभ्या असतात, तुम्ही आलात की त्या बाजूला सरकतात, तो क्षण तुम्हाला आवडतो. आवडत नसता तर दहाव्याच्या दिवशी तुम्ही शेठला फोन करून "किल्ली न्यायला माणूस पाठवा" म्हणाला असतात. तुम्हाला ते सुचलंच नाही. सासऱ्यांचे विधी चालू असताना पूल ओलांडून तुम्ही शटर उघडायला गेलात आणि आज ते मला तक्रार म्हणून सांगताय. खरं तर ते तुम्ही थोडं अभिमानानेच सांगताय.

चिडू नका. किंवा चिडा.

माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. चालली की खुळखुळ वाजायचा. अख्ख्या वाड्याला कळायचं, मालकीणबाई येतायत. लहानपणी मला वाटायचं, घर हिचंच. मोठी झाल्यावर कळलं की त्या जुडग्यात कोठीची किल्ली होती, फडताळाची होती, लोणच्याच्या बरण्यांच्या खोलीची होती. तिजोरीची किल्ली आजोबांच्या जानव्याला. बांगड्या भरायला कासार दारात आला की ही मालकीणबाई ओसरीवर जाऊन उभी राहायची आणि आजोबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढायची वाट बघायची.

तुमच्याकडे कुठली किल्ली आहे? शटरची. गल्ल्याची कुणाकडे आहे? चौदा वर्षांत ती एकदा तरी तुमच्या हातात आली? भाच्याकडे ती पहिल्या दिवशी गेली असणार. शटरची मात्र त्याने मागितलेली नाही, कारण तो काही मूर्ख नाही. ती घेतली तर साडेनऊला यावं लागतं, कुलपाला तेल घालावं लागतं, पावसाळ्यात अडकलेलं शटर दोन्ही हातांनी ओढावं लागतं. शटरची किल्ली म्हणजे काम. हुकूम गल्ल्याच्या किल्लीबरोबर जातो. तुम्ही मात्र कामाला मान समजून बसलात.

शेठ तुम्हाला काय म्हणतात तेही सांगू? "ताई, तुम्ही घरच्याच. तुमच्यावर दुकान सोडून मी निवांत झोपतो." निवांत झोपतो, एवढं तरी माणूस खरं बोलतो.

हिशेब करू. दुकान दहा ते आठ, मधे जेवणाचा तास, म्हणजे तुमचे नऊ तास झाले. किल्लीसाठी तुम्ही अर्धा तास आधी येणार, शटर ओढून कुलपं लावून निघेपर्यंत साडेआठ. रोजचा एक तास जास्त. महिन्याला २६, वर्षाला ३१२, चौदा वर्षांत ४,३६८ तास. नऊ तासांचा दिवस धरला तर ४८५ दिवस. बाई, दीड वर्षाहून जास्त काळ तुम्ही त्या दुकानात फुकट राबलात. तुमच्या आजच्या पगाराने तासाला ६६ रुपये पडतात, त्या दराने ते २,८८,००० होतात, आणि जादा कामाला कायद्याने दर दुप्पट असतो तो मी धरलेलाच नाही. २,३०० रुपयांसाठी तुमची झोप उडाली आणि या पैशांची आठवणही नाही, कारण त्याला तुम्ही "विश्वास" असं नाव दिलंत.

ते २,३०० कापणं चूकच आहे, त्यात वाद नाही. नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणाने झालेलं असावं लागतं, झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यात हे आहे, आणि त्याआधीच्या १९३६ च्या कायद्यातही होतं. पैठणी घरी न्यायची परवानगी कुणी दिली? शेठनी दिली असेल तर तुमचा काय संबंध? पण त्याच कायद्यात कपात कशाची करता येते ते सांगताना "कामगाराच्या ताब्यात सोपवलेला माल" अशा अर्थाचे शब्द आहेत. आता सांगा, ज्या बाईकडे चौदा वर्षं शटरची किल्ली आहे तिच्या ताब्यात काय सोपवलंय, असं शेठचा वकील म्हणेल? अख्खं दुकान! उद्या कपाटातून दोन हातमागाच्या येवला पैठण्या नाहीशा झाल्या तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील? पाय वर करून झोपलेल्या भाच्याला नाही.

गिऱ्हाइकांबद्दल मला फार बोलायचं नाही. साडीच्या दुकानात घड्या मोडणारच. संक्रांतीला काळ्या, नवरात्रात रोजचा रंग, लग्नसराईत मानपानाच्या बारा आणि नवरीची एक, आणि या प्रत्येक साडीमागे नापसंत केलेल्या तीस. तो धंदाच आहे. नेसून परत आणणारी बाई नालायक आहे, मान्य, पण ती तुमचं आयुष्य खात नाहीये.

भाच्याशी स्पष्ट बोलायचं म्हणता. काय बोलणार? "तुला काठ ओळखता येत नाही"? त्याला माहीत आहे. काठ ओळखायला तुम्ही आहात की. पदर उलटा करून मागचे धागे बघत "ही हातमागाची, ही मशीनची" असं तुम्ही एका नजरेत सांगता, ही तुमची कमाई आहे आणि ती कुठल्याही दुकानात तुमच्याबरोबर येईल. किल्ली येणार नाही.

नोकरी सोडू का, विचारता. आत्ता नाही. आत्ता सोडलीत तर पुढच्या दुकानात सहा महिन्यांत तुम्ही तिथलीही किल्ली मागून घ्याल. मला तुमची खात्री आहे.

किल्ली परत द्या.

एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या मागे. या शनिवारी, रात्री, दुकान बंद करताना. सकाळी नको, सकाळी शेठला भवानीच्या आधी कटकट नको असते आणि त्या नावाखाली ते विषय ढकलतील. कुलपं लावून झाली की पायरीवरच, मुलींसमोर, शेठच्या हातात द्या. भाच्याच्या नाही. शेठच्या. वाक्य एकच: "शेठ, किल्ली ठेवून घ्या, सोमवारपासून मी दहा ते आठ." कारण सांगू नका. कारण सांगितलंत की ते त्याला उत्तर देतील. आणि वहीच्या पानावर चार ओळी लिहून न्या, अमुक तारखेला दुकानाच्या सर्व किल्ल्या परत केल्या, खाली शेठची सही. सही देत नसतील तर त्याच पायरीवर किल्ल्यांचा फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवा, खाली तेच वाक्य लिहा.

आधी ते हसतील. मग "अहो ताई, तुमच्याशिवाय कोण?" होईल. मग आवाज चढेल, विश्वास, उपकार, मागच्या दिवाळीची साडी, सगळं निघेल. सगळ्यात शेवटी हजार रुपये वाढवून देतो म्हणतील. तो क्षण जपून, बाई. तेव्हाही घेऊ नका. निदान महिनाभर तरी हाताला त्या किल्लीचं वजन लागू देऊ नका, नाहीतर हजारात तुम्ही तीच मालकीणबाई होणार.

"लग्नसराई संपू दे" असं मला कळवू नका. लग्नसराई संपली की पाडवा, मग अक्षय्यतृतीया, मग मंगळागौर, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि २०२७ मध्ये सिंहस्थ आहेच. साडीच्या दुकानाच्या कॅलेंडरात किल्ली परत करायचा दिवस छापलेला नसतो.

दुसरी भीती मला माहीत आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत. किल्ली दिली आणि दुकान तरीही उघडलं तर? उघडेल. कुलूप घेतलं की त्याबरोबर दोन किल्ल्या येतात. दुसरी शेठच्या घरी, कपाटात, चौदा वर्षं पडून आहे. दहाव्याच्या दिवशी तुम्ही शटर उघडायला गेला नसतात तरी दुकान उघडलं असतं, अर्धा तास उशिरा आणि चार शिव्या खाऊन. हे गिळायला जड जाईल. पण चौदा वर्षं तुमच्यावाचून ज्यांचं अडत होतं असं तुम्हाला वाटत होतं, त्यांचं अडत नव्हतं. त्यांना फक्त सोयीचं होतं.

केरळात कापड दुकानांमधल्या बायका अशाच दिवसभर उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, हा नियम. त्यांनी एकत्र येऊन भांडून २०१८ मध्ये कायदा बदलून घेतला, कामाच्या वेळेत बसायचा हक्क मिळवला. २०२१ मध्ये तमिळनाडूतही तसाच कायदा झाला. त्या बायकांनी शेठकडे विश्वास मागितला नाही. स्टूल मागितलं. तुमच्या पायरीवरच्या मुली काय मागतायत, कधी विचारलंत? त्यांच्या पगारातूनही असंच काही कापलं जात असेल. तुम्हाला त्या सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही शेठच्या बाजूच्या. किल्ली तुमच्याकडे असते ना.

सोमवारी सकाळी घाई करू नका. चहा बसून प्या. नेहमीची बस सोडा, मागची घ्या. साडेनऊला फोन वाजेल, वाजू द्या. पर्समध्ये आतल्या कप्प्याकडे हात जाईल, जाऊ द्या, काही दिवस जाईलच. दहाला पाच कमी असताना दुकानाशी पोहोचा आणि शटर बंद असेल तर मुलींबरोबर पायरीवर उभ्या राहा.

त्या दिवशी दुकान किती वाजता उघडलं आणि कुणी उघडलं, मला लिहा.