नवे उजवे उमेदवार आणि आपली अमेरिकेतली माणसं

प्रश्न (दापोली) : भाचा टेक्सासमध्ये एच-वन-बी व्हिसावर आहे. तिथे तिशीतला एक रिपब्लिकन उमेदवार अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी उभा आहे. सरकारी खर्चाला लगाम, मुलांच्या शाळेचा निर्णय पालकांकडे, ही त्याची भूमिका भाच्याला पटते आणि आम्हालाही. भाचा काय करू शकतो? इथून आम्ही थोडे पैसे पाठवले तर?

उत्तर : पैसे अजिबात नकोत, ना तुमचे, ना त्याचे. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या कोणालाही तिथल्या निवडणुकीत देणगी देता येत नाही, आणि ही बंदी अगदी गावपातळीच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीन कार्डवाल्या नातेवाइकाच्या नावाने आपले पैसे देणं हा तर दुसराच गुन्हा, कारण देणगी स्वतःच्याच पैशातून आणि स्वतःच्याच नावाने द्यावी लागते. असा पैसा सापडला की उमेदवाराला तो परत करावा लागतो आणि विरोधकाला आयतं कोलीत मिळतं. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाचं यात फार नुकसान होतं.

भाच्याने वेळ द्यावा. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, घरोघरी जाणं, पाकिटं भरणं हे त्याला चालतं. पैसा कुठे खर्चायचा या निर्णयात मात्र त्याने भाग घेऊ नये. पत्रकं दारात ठेवावीत, टपालपेटीत नव्हे; तिकीट न लावलेलं पत्रक त्या पेटीत टाकायला कायद्याने मनाई आहे. मतदानाच्या दिवशी टेक्सासमध्ये केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, तेव्हा उमेदवाराचं नाव छापलेला टीशर्टही तिथे नको. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथे घाईत ‘हो’ म्हणू नये. नागरिक असल्याचा खोटा दावा नोंदला गेला तर पुढे ग्रीन कार्डच धोक्यात येतं.

प्रश्न (मालवण) : लेक आणि जावई न्यू जर्सीत असतात, दोघेही नागरिक आहेत. देणगी किती आणि कशी द्यावी?

उत्तर : संसदेच्या उमेदवाराला २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी एका व्यक्तीची मर्यादा प्रत्येक निवडणुकीमागे ३,५०० डॉलर आहे. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगवेगळ्या धरतात, म्हणून दोन्ही मिळून ७,००० डॉलर. पतिपत्नींची मर्यादा स्वतंत्र असते. संयुक्त खात्याच्या चेकवर एकाचीच सही असेल तर सगळी रक्कम सही करणाऱ्याच्या नावावर पडते, म्हणून दोघांनी सह्या कराव्यात. चेकवर ‘प्रायमरीसाठी’ असं लिहावं. काही लिहिलं नसेल तर रक्कम पुढच्या येणाऱ्या निवडणुकीची धरली जाते. रोख १०० डॉलरच्या वर देता येत नाही. जावयांची कंपनी कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेली असेल तर कंपनीच्या खात्यातून एक डॉलरही नको. एका उमेदवाराला दिलेली रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचं नाव जाहीर नोंदीत येतं. शेजाऱ्यांना आणि ऑफिसात ते दिसू शकतं, याची तयारी ठेवूनच द्यावं.

राज्याच्या विधिमंडळाचे नियम वेगळे. टेक्सासमध्ये बहुतेक उमेदवारांना व्यक्तिगत देणगीची मर्यादाच नाही.

प्रश्न (गुहागर) : मुख्य निवडणुकीत जोर लावावा की प्रायमरीत?

उत्तर : प्रायमरीत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बऱ्याच मतदारसंघांत एका पक्षाचा जोर इतका असतो की नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. जुन्या खासदाराला नव्या विचाराच्या माणसाने गाठायची खरी जागा प्रायमरी हीच. मतदानही तिथे खूप कमी होतं, म्हणून थोडकी मतंही निकाल फिरवतात.

इथेच आपली माणसं चुकतात. नोव्हेंबरात मत देतात, पण प्रायमरीचे नियम बघत नाहीत. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात पक्षाचा मतदार म्हणून नोंद नसेल तर त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. न्यू जर्सीत पक्ष बदलायचा तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी, मात्र ज्याने कुठलाच पक्ष नोंदवलेला नाही त्याला केंद्रावर पक्ष निवडता येतो. टेक्सासमध्ये पक्षाची नोंदच नसते. पण एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं की दुसऱ्याच्या फेरमतदानात देता येत नाही, आणि कोणालाही निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर हे फेरमतदान होतंच.

घरोघरी फिरताना सरसकट सगळी दारं ठोठावू नयेत. मतदारयादीवरून मागच्या प्रायमरींत कोण मतदानाला आलं हे कळतं (मत कोणाला दिलं ते नाही). तीच घरं आधी घ्यावीत. आपल्याकडे जिल्हा परिषदेला प्रत्येक वाडीतला एक ओळखीचा माणूस गाठतात, तसं गल्लीगणिक एक घर पक्कं करून पुढची दारं त्याच्यासोबत करावीत. अनोळखी चेहऱ्याला लोक दार पटकन उघडत नाहीत.

नवखा उमेदवार निवडायचा असेल तर आमचा कल राज्याच्या सभागृहांकडे आहे. संसदेत प्रतिनिधिगृहाला वय २५ आणि सिनेटला ३० पूर्ण लागतं, टेक्सासच्या कनिष्ठ सभागृहाला २१ पुरतं. न्यू हॅम्पशरच्या कनिष्ठ सभागृहात तर ४०० सदस्य आहेत, त्यामुळे मतदारसंघ लहान आणि पायी फिरून होण्यासारखे. माणूस तिथे घडतो.

प्रश्न (अलिबाग) : मी अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) इथे राहतो. मत आणि देणगी दोन्ही देता येईल?

उत्तर : दोन्ही. अमेरिकेत शेवटचं जिथे राहत होता तिथल्या निवडणूक कार्यालयाकडे परदेशस्थ मतदाराचा पोस्टकार्ड अर्ज करा, तोही दरवर्षी जानेवारीत नव्याने. मतपत्रिका ईमेलने मागवा. संसदेच्या निवडणुकीसाठी ती ४५ दिवस आधी पाठवणं बंधनकारक आहे, पण भरलेली मतपत्रिका कित्येक राज्यांना कागदावरच हवी असते, म्हणून आली की लगेच टपालात टाका. देणगी देताना इथला पत्ता दिला की उमेदवाराचं कार्यालय अमेरिकन पासपोर्टची प्रत मागेल, ती तयार ठेवा. अर्जात पक्षाचा एक रकाना असतो. पक्षनोंदीवर चालणाऱ्या राज्यांत तो कोरा राहिला तर प्रायमरीची मतपत्रिका येणारच नाही.