फक्त परीक्षेला जायचं नर्सिंग

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. यंदा बारावी आर्ट्स झाले, 61 टक्के. आजी अर्धांगवायूने सात महिने अंथरुणाला खिळून होती. तिची कूस बदलणं, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग, सगळं मीच करायचे. तेव्हापासून नर्सिंगला जावंसं वाटतंय. वडील म्हणतात, घरच्यांचं करणं वेगळं, परक्यांची घाण कशाला काढायची? एक एजंट परराज्यातल्या कॉलेजात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ॲडमिशन देतो म्हणतो. वर्गात बसायचं नाही, फक्त परीक्षेला जायचं. वडिलांना निदान तेवढं पटलंय. काय करू?

उत्तर : बाळ, आधी एजंटाचं उरकते. त्याला एक रुपया देऊ नकोस.

मी इन्चार्ज असताना प्रसूती वॉर्डला अशीच एक नवी मुलगी आली होती. स्वभावाने गोड, अक्षर मोत्यासारखं. एका रात्रपाळीला तिने 18 बायकांचे चार्ट भरले. सकाळी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेताना बघते तर सगळ्यांचं बीपी 120/80! अठराही जणींचं? आठ नंबरच्या बाईचे ओठ पांढरे पडले होते. मी पट्टा बांधला, 80/50 भरलं. चादर वर केली, तर पॅड भिजून गादीपर्यंत रक्त. ती बाई वाचली. ती मुलगी मात्र रडत म्हणाली, "सिस्टर, मला बीपी ऐकूच येत नाही. कॉलेजात कधी बीपीचं यंत्र हातात दिलंच नाही." तिचा राग कसा करायचा, सांग. तिच्या बापाने पैसे मोजले होते.

तुझा मार्ग सरळ आहे. आर्ट्सवर बीएस्सी नर्सिंग मिळणार नाही, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. पण जीएनएम मिळतं. तीन वर्षांचं आहे, आणि पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीही घेता येते. कॉलेज बघताना इमारत बघू नकोस. मुली ड्युटीला कुठल्या हॉस्पिटलात जातात आणि तिथे खाटा भरलेल्या असतात का, ते विचार. फी भरण्याआधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, तेही तपास.

पगाराचं वडिलांना खरं तेच सांग. सरकारी अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं, मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं, पण ती भरती काही दरवर्षी तुझी वाट बघत थांबत नाही. माझ्या भाचीने खासगीत 9,000 वर सुरुवात केली आणि महिन्यातून दहा रात्रपाळ्या काढल्या. पाय सुजतात. दिवाळी वॉर्डात जाते.

घाणीबद्दल वडील खोटं बोलत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. पण बेडपॅन देताना संडासचा रंग बघायचा असतो. काळा, डांबरासारखा दिसला की डॉक्टरांना उठवायचं. ते एकदा कळलं आणि माझी किळस गेली.

एक दिवस वडिलांना घेऊन जिल्हा रुग्णालयात जा, सकाळी आठच्या सुमाराला, पाळी बदलते तेव्हा. मेडिसिन वॉर्डच्या दाराशी दोघं अर्धा तास उभे राहा. काही बोलू नका, नुसतं बघा.

आणि आजीची जखम भरली का, ते तू लिहिलंच नाहीस. दर किती तासांनी कूस बदलायचीस? रात्रीसुद्धा उठायचीस का? तेवढं कळव.